केळीचं प्रोबेशन

नवीन नोकरीतले पहिले पंधरा दिवस आठवून बघा. लॉगिन आलेलं नसतं, कॅन्टीनमध्ये कुणाच्या टेबलावर बसायचं ते कळत नसतं, एसीची हवा नेमकी आपल्याच मानेवर येत असते. चेहरा उतरलेला, भूक गेलेली. अशा वेळी बॉसने रोज सकाळी येऊन तुम्हाला खुर्चीसकट हलवून बघितलं, ‘काय, रुजलास का?’ असं विचारलं आणि वर शंभर-दीडशे ईमेल्सचा ढीग समोर टाकला, तर?

नवीन लावलेल्या केळीशी आपण शहरातली माणसं नेमकं हेच करतो.

केळ लावायची हौस हल्ली बऱ्याच जणांना आहे. कुणी टेरेसवर ड्रममध्ये लावतं, कुणी सोसायटीच्या कंपाउंडलगत, कुणी कर्जत-मुरबाडच्या सेकंड होमच्या मागच्या अंगणात. माझ्याच ओळखीत चार-पाच जण आहेत आणि प्रत्येकाचा आठव्या ते दहाव्या दिवशी फोन येतो. संवाद ठरलेला.

“अगं, पानं पिवळी पडली.”

“मग?”

“मग काय, पाणी वाढवलं. युरियापण टाकला. आज तर अजूनच बेकार दिसतेय.”

इथे मला फोन कानापासून जरा लांब धरावासा वाटतो. कारण पहिल्या पंधरा दिवसांतली पिवळी पानं हा बहुतेक वेळा आजार नसतोच. तो केळीने स्वतः घेतलेला निर्णय असतो, आणि पुष्कळदा शहाणपणाचा. तो समजून घ्यायचा तर केळ आतून कशी असते ते आधी बघायला हवं.

पगार बंद, ईएमआय चालू

केळ हे झाड नाहीच मुळी. ते एक थोरलं रोप आहे. आपण ज्याला खोड म्हणतो त्यात लाकूड औषधालाही नाही. ती एकात एक घट्ट गुंडाळलेली पानांची सोपटं. खरं खोड जमिनीखाली, म्हणजे कंद. अळकुडीचा दांडगा भाऊ समजा. मुळं फुटतात ती कंदातून, पिल्लं फुटतात ती कंदातून, आणि नवं पान तयार होतं तेही कंदाच्या माथ्यावर, जवळपास जमिनीच्या पातळीला. तिथून ते सोपटांच्या नळीतून सरकत सरकत वर येतं आणि सुरळीच्या रूपात डोकं काढतं. या सुरळीला शेतकरी पोंगा म्हणतात. म्हणूनच वरचं सगळं छाटलं तरी केळ मरत नाही. कंद शाबूत तर केळ शाबूत.

आता रोप उपटलं की काय होतं? केळीची मुळं सुतळीसारखी जाड, मांसल आणि बहुतेक सगळी वरच्या फूट-दीड फूट मातीत पसरलेली. पाणी पिण्याचं काम करतात ती त्यांच्यावरची बारीक लव आणि टोकं, आणि उपटताना पहिली तुटतात ती हीच. वर पानं मात्र तशीच, हातभर रुंद, उन्हात पाणी उडवत बसलेली. पगार बंद आणि ईएमआय चालू, अशी ही अवस्था. मग केळ काय करते? खर्च कमी करते. खालची जुनी पानं पिवळी पाडते, त्यांच्यातलं नत्र आणि पालाश काढून घेते आणि वरच्या कोवळ्या पोंग्याकडे पाठवते. तुम्हाला दिसते ती नुसती पिवळी पानं. आत घरखर्चाची नवी जुळवाजुळव चाललेली असते.

दुपारी पानाचे दोन्ही भाग मधल्या शिरेपासून खाली मिटतात, छत्री मिटल्यासारखे, तोही पाणी वाचवायचाच फंडा. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ती पानं परत उघडली असतील तर टेन्शन नॉट. सकाळी आठलाही मिटलेलीच असतील तर मात्र मातीत बोट घालून बघा.

अशा वेळी केळीला धो धो पाणी दिलं तर ते प्यायला मुळंच नसतात. पाणी मातीत साचतं, हवा कोंडते, आणि कंदातून नुकती फुटू बघणारी पांढरी मुळं गुदमरतात. म्हणजे तहानेने नाही, बुडून मरते. गंमत अशी की बुडणाऱ्या केळीची पानंही पिवळीच पडतात. मग आपण म्हणतो, अरेच्चा, अजून पाणी हवंय वाटतं!

बी असतं तर पाकिटात दिलं असतं

हे सगळं मला कुठल्या पुस्तकातून नाही कळलं. ते कळलं वसईच्या मामामुळे.

वसईच्या वाड्या ज्यांनी बघितल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. केळी, पानवेली, फुलझाडं, मध्ये गोड्या पाण्याचं बावखल. ज्यांनी नाही बघितल्या त्यांनी लवकर जाऊन याव्यात, कारण टॉवर्सची रांग आता पार वाड्यांच्या कुंपणाला टेकली आहे. मामाच्या वाडीत कडेने राजेळी होती. राजेळी म्हणजे लांब, जाडजूड, कोनेरी केळं, केरळच्या नेंद्रनचं जवळचं नातलग. पिकली की सोलून, उन्हात कित्येक दिवस वाळवून तिची सुकेळी करतात. मधाच्या रंगाची, चिवट, गोड. वसईची सुकेळी एकदा खाल्ली की मॉलमधले सुके अंजीर वगैरे बिचारे वाटायला लागतात. पण राजेळीला वेळ जास्त लागतो, बाजार कमी, आणि सुकेळी करायला उन्हात उभं राहणारी माणसं आणखी कमी. त्यामुळे तिची लागवड आटत गेली.

२०२४ च्या उन्हाळ्यात मामाने वाडी विकली. कारणं नेहमीचीच: वय, विहिरीचं मचूळ होत चाललेलं पाणी, अमेरिकेतली मुलं. जून संपेपर्यंत ताबा द्यायचा होता. मला म्हणाला, “राजेळी नेतेस का? इथे नाहीतर जेसीबीखालीच जाणार.”

मी म्हटलं, “मामा, मी ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहते.”

“बी असतं तर पाकिटात घालून दिलं असतं. केळीला बी नाही. तिला हलवलं तरच ती पुढे जाते.”

हे वाक्य तेव्हा मला साधंच वाटलं. नंतर विचार करताना लक्षात आलं की, अरे, खरंच की. आपण खातो त्या केळ्यात कामाचं बी नसतं. प्रत्येक केळ ही आधीच्या केळीचं पिल्लू, ती तिच्या आधीचीचं. मामाच्या वाडीतली राजेळी म्हणजे कुणीतरी कुणाकडून तरी आणलेलं, हातोहात सरकत आलेलं एकच रोप. मध्ये एकाने जरी हयगय केली असती तर तिथेच संपलं असतं.

फक्त राजेळीचीच ही गोष्ट नाही. ऑफिसखालच्या गाडीवर तुम्ही डझनाने घेता त्या केळ्याचाही इतिहास बदल्यांचाच आहे. १८३५ साली इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या काचगृहात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने मॉरिशसहून आलेली केळ फुलवून दाखवली. मालक ड्यूक ऑफ डेव्हनशायर, आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून केळीचंही नाव कॅव्हेंडिश पडलं. तिथून जॉन विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याने काही रोपं पार पॅसिफिकमधल्या सामोआला नेली. जहाजात सगळी टिकली नाहीत, पण जी टिकली ती त्या बेटांवर पसरली. आपल्या जळगावची बसराई, श्रीमंती आणि आता सगळीकडे दिसणारी ग्रँड नैन, सगळ्या या कॅव्हेंडिश घराण्यातल्याच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा बदली झाली म्हणून रडत बसणाऱ्यांनी केळीकडे बघावं.

तलवार हवी, छत्री नको

मामाने तीन पिल्लं निवडली. पिल्लांना शेतकी भाषेत मुनवे म्हणतात आणि ते दोन जातीचे असतात. एकाची पानं अरुंद, तलवारीसारखी, बुंध्याला रुंद आणि वर निमुळता. दुसऱ्याची पानं लहानपणीच रुंद, छत्रीसारखी, बुंधा सडसडीत. नवख्या माणसाला दुसरा आवडतो, कारण तो ‘मोठा झालेला’ दिसतो. घ्यायचा पहिला. तलवारीवाल्याचा कंद आईला घट्ट चिकटलेला, भरलेला असतो. छत्रीवाला वरवर वाढलेला, आत काही नाही. (अशी माणसंही इंटरव्ह्यूला येतात.) दोन-तीन महिन्यांचा, साधारण अर्धा ते पाऊण किलो वजनाच्या कंदाचा मुनवा उत्तम.

मग मामाने कोयता घेतला आणि सगळी पानं छाटून टाकली! कंदावर वीतभर बुंधा तेवढा ठेवला, जुनी लोंबती मुळंही कापली. मला धस्स झालं. पण वर सांगितलेला हिशेब लावला की हे बरोबर आहे. मुळं नाहीत ना, मग खर्च करणारी पानंही नकोत. कापलेला भाग सुकावा म्हणून दोन दिवस सावलीत ठेवले आणि मग गोणपाटात गुंडाळून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून ठाण्याला.

ठाण्यात सोसायटीच्या पंपरूममागे बारा फूट लांब, चार फूट रुंद अशी एक पट्टी रिकामी होती. सेक्रेटरी काकांना गाठलं. ते भले गृहस्थ, पण त्या पट्टीसाठी लॅंडस्केपवाल्याचं कोटेशन आधीच आलेलं होतं. तिथे ट्रॅव्हलर्स पाम लागणार होते.

“गणपतीपर्यंत बघू,” काका म्हणाले. “तोवर दिसायला बरं नाही झालं, तर बेटा, काढावं लागेल. कमिटीला मी काय सांगणार?”

जाता जाता: ट्रॅव्हलर्स पाम हा पाम नाहीच, तो केळीचाच लांबचा भाऊबंद. फळ मात्र केळीसारखं खायला मिळत नाही. म्हणजे केळीसारखं दिसणारं, केळी न देणारं काहीतरी लावायला आपण पैसे देतो. असो.

तर तारीख पक्की झाली. लागवड जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, गणपती ७ सप्टेंबरला. बारा आठवडे. माझ्या ऑफिसातसुद्धा प्रोबेशन सहा महिन्यांचं असतं!

खड्डा नव्हे, उंचवटा

सोसायटीची माती ही माती नसते. दोन फूट खणलं तेव्हा टाइल्सचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि रंगाचा एक अख्खा डबा निघाला. ते सगळं उपसलं. तांबडी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड एवढंच भरलं. शेणखत कुजलेलंच हवं. ताजं असेल तर ते मातीत तापतं आणि कोवळी मुळं भाजतात.

पुस्तकात ‘आळं करा’ असं असतं. ते उन्हाळ्यातल्या लागवडीला ठीक. पण ठाणे-वसईकडे चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे आळं म्हणजे बाथटब. आम्ही उलट केलं, माती जमिनीपेक्षा वीतभर उंच करून उंचवट्यावर कंद बसवले, म्हणजे पाणी आपोआप बाजूला. कंद पूर्ण मातीखाली, बुंध्याचा कापलेला माथा वर. भोवतीची माती पायाने नीट दाबून घ्यायची, कारण कंदाभोवती पोकळी राहिली तर नवी मुळं हवेत लटकतात. वर सुक्या पाचोळ्याचा थर, पण बुंध्यापासून चार बोटं लांब.

ड्रममध्ये लावणाऱ्यांसाठी एवढंच की पन्नास-साठ लिटरपेक्षा लहान नको, तळाला आणि खालच्या बाजूंना भरपूर भोकं हवीत आणि ड्रम दोन विटांवर उचललेला हवा. टेरेसवर दुसरा शत्रू वारा. वाऱ्याने पानं फाटतात ते सोडा, फाटलेलं पानही काम करतं. पण रोप बुंध्यापाशी हलत राहिलं तर नुकती फुटलेली मुळं रोज तुटतात. बांबू रोवून जुन्या ओढणीने सैलसर बांधा. जळगावकडे बागेच्या कडेने शेवरी लावतात ती वारा अडवायलाच.

पहिलं पान फसवं

तिसऱ्याच दिवशी तिन्ही बुंध्यांच्या मधून हिरवा कोंब दोन बोटं वर! मी फोटो काढला, मामाला पाठवला, सोबत नाचणारे इमोजी.

मामाचा फोन आला. “ते जुनंच पान आहे गं. आतमध्ये तयार होतं ते बाहेर आलं. कंदातली शिल्लक खर्च करतेय ती. अजून काही रुजली नाही.”

हा मुद्दा फार कुणी सांगत नाही म्हणून थोडं थांबून लिहिते. कापलेल्या केळीतून कोंब येणं हा रुजल्याचा पुरावा नाही. कंदात साठवलेल्या अन्नावर एक-दोन पानं मुळांशिवायही निघतात. बघायचं असतं ते तिसरं, चौथं पान. प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा मोठं येतंय का? दोन पानांतलं अंतर कमी होतंय का? उबदार हवेत जमलेली केळ साधारण सात ते दहा दिवसांत एक पान काढते. पहिलं पान म्हणजे जॉइनिंग लेटर. चौथं पान म्हणजे कन्फर्मेशन.

मधल्या काळात करायचं काय? जवळपास काहीच नाही, आणि तेच कठीण जातं. आपल्याला दर आठवड्याला स्टेटस रिपोर्ट लागतो ना! माझ्यासारख्यांसाठी एक निरुपद्रवी चाळा सांगते. बुंध्याच्या कापलेल्या माथ्यावर मार्करने आडवी रेघ ओढा. दोन दिवसांनी मधला भाग वर सरकून रेघ तुटलेली दिसते. जीव आहे एवढं कळतं, आणि उकरून बघायची खाज भागते. उकरू मात्र नका.

पाण्याचा नियम सोपा. बोटाची दोन पेरं मातीत घालायची. ओल लागली तर पाणी नाही. पावसाळ्यात आम्ही जवळजवळ दिलंच नाही. ऑक्टोबरमध्ये दिवसाआड अर्धी बादली. खत पहिला महिना शून्य. मुळंच नसताना खत टाकणं म्हणजे उपाशी माणसाच्या ताटाऐवजी उशाशी जेवण ठेवणं, आणि खताचे क्षार कोवळ्या मुळांना जाळतात ते वेगळंच. चौथं पान उघडल्यावर बुंध्यापासून वीतभर लांब थोडं थोडं सुरू करा. पुढे केळ खादाड होते. शेतात एका झाडाला मुक्कामभरात साधारण २०० ग्रॅम नत्र आणि तितकंच पालाश हप्त्याहप्त्याने देतात. कुंडीवाल्यांनी याच्या बरंच आत राहावं.

आमच्या नाइट वॉचमनभैयांचं गाव हाजीपूरजवळ, बिहारमधला केळ्यांचाच मुलूख. ते रोज रात्री टॉर्च मारून बघायचे आणि एकच गोष्ट सांगायचे, “मॅडम, इसको छेडिए मत.”

तिघींपैकी एक

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात टाकीचा ओव्हरफ्लो पाइप फुटला आणि पंपरूमजवळच्या केळीच्या बुडाशी चार दिवस पाणी पडत राहिलं. प्लंबर रोज ‘उद्या’ येत होता. दोन पानं आली होती, ती लोळली. ही पिवळी पानं वेगळी होती. यावेळी खालून नव्हे, मधून सुरुवात झाली. पोंगा तपकिरी पडला, हलकेच ओढल्यावर हातात आला आणि सडक्या कांद्यासारखा वास आला.

हीच खरी परीक्षा, लक्षात ठेवा. खालची पानं पिवळी, पोंगा हिरवा, बुंधा दाबल्यावर टणक: शांत बसा. पोंगा सडलेला, बुंधा मऊ, घाण वास: कंद गेला, आता औषधपाणी करत बसू नका. काढा, लांब टाका, आणि त्या खड्ड्यात लगेच दुसरी केळ लावू नका. आम्हीही तिला काढलं. मामाला सांगताना जरा जड गेलं. तो म्हणाला, “तिघींपैकी दोघी म्हणजे चांगलंच आहे.” त्याच आठवड्यात वसईत जेसीबी लागला होता, हे त्याने सांगितलं नाही. ते मामीकडून कळलं.

म्हणजे आता जगात आमच्या घरची राजेळी म्हणून जे काही होतं, ते पंपरूमच्या मागे. दोन नग.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोघींनी चौथं पान उघडलं. हात पसरून मोजलं, तिसऱ्यापेक्षा दीड वीत लांब. त्या दिवशी मी पहिल्यांदा खत दिलं आणि ऑफिसला उशिरा गेले. कारण विचारलं तेव्हा ‘पर्सनल’ म्हणून सांगितलं.

गणपती आले तेव्हा एकीला आठ आणि दुसरीला सात पानं होती आणि उंची माझ्या खांद्याला. कमिटीला आता वेगळीच कल्पना सुचली. “छानच झालं! गौरीच्या नैवेद्याला पानं घरचीच.” सेक्रेटरी काका कात्री घेऊनच खाली आले. मी आडवी उभी राहिले.

“काका, अजून नाही. बारा पानं होऊ देत.”

“अगं, दोन पानांनी काय होतंय?”

होतं. मुळं जेमतेम जमलेली असताना पान तोडणं म्हणजे नव्या माणसाचा पहिलाच पगार कापणं. पुढे चांगला घड धरायला केळीवर दहा-बारा निरोगी पानं लागतात. करपलेलं, पूर्ण वाळलेलं पान जरूर काढा, हिरवं नको. काकांना पटलं की नाही माहीत नाही, पण पानं मार्केटमधून आली आणि पामचं कोटेशन त्या महिन्याच्या मिनिट्समधून गायब झालं.

नर्सरीवाल्यांसाठी

सगळ्यांना मामा नसतो. तुम्ही बहुधा टिश्यू कल्चरचं रोप आणाल, ग्रँड नैन, काळ्या पिशवीतलं, फूटभर उंच, पाच-सहा पानांचं. याची गोष्ट थोडी वेगळी. याला मुळं आहेत, पानंही आहेत, म्हणून छाटायचं नाही. पिशवी कापताना मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, आणि पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल लावायचं. पण हे बाळ प्रयोगशाळेतल्या बाटलीत जन्मलं आणि शेडनेटखाली वाढलं. त्याने कडक ऊन बघितलेलंच नाही. एकदम दक्षिणेच्या बाल्कनीत ठेवलं तर दोन दिवसांत पानं पांढुरकी पडून भाजतात. पहिले आठ-दहा दिवस दुपारची सावली द्या, जुनी चादरही चालेल. भाजलेली पानं परत हिरवी होत नाहीत. त्यांच्याकडे बघू नका, नव्या सुरळीकडे बघा.

शेजारी हौसेने काकडी, भोपळा, टोमॅटो लावू नका. त्यांच्यावरून मावा विषाणू घेऊन केळीवर येतो. नवी पानं अरुंद, उभी, एकाच जागी झुपक्यासारखी येऊ लागली तर तो पर्णगुच्छ. त्याला इलाज नाही, रोप काढून टाकायचं.

आणि पुणे-नाशिकवाल्यांनो, डिसेंबरात पान यायचं थांबलं म्हणून फोन करू नका. पारा १६ अंशांखाली गेला की केळ सुस्तावते, आणखी बराच खाली गेला की जळगावकडे म्हणतात तसा ‘चरका’ बसतो, पानं पिवळी पडतात, वाढ थबकते. फेब्रुवारीत ती परत कामाला लागते. थंडीत लावण्यापेक्षा जून-जुलैची मृगबाग किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग, हे शेतकऱ्यांनी ठरवलेले दोन मुहूर्त आपणही पाळावेत.

आमच्या दोघींना नोव्हेंबरमध्ये बुडाशी पिल्लं फुटली. आईला घड धरेपर्यंत ती जमिनीलगत कापत राहायची असतात, नाहीतर तिच्या ताटातलं खातात. एकीची सगळी कापली. दुसरीचं एक ठेवलं, तलवारीच्या पानांचं.

ते मामासाठी आहे. तो आणि मामी आता वसईतच एका टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर राहतात, बाल्कनी पश्चिमेची. वारा भरपूर, दुपारनंतरचं ऊन थेट. मामाने निळा ड्रम आणून ठेवलाय. मी फोनवर विचारलं, भोकं पाडलीस का?

“तू मला शिकवतेस?” म्हणाला. मग जरा थांबून, “किती पाडू?”